गोव्याने एक क्लॅरिनेट कॉन्चेर्टो लिहून घ्यावा

आमचं घर सासष्टीत, चर्चपासून चालत पाच मिनिटांवर. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशी पहाटे लोकांना उठवणारा आल्वोरादचा बँड वाड्यावाड्यातून फिरायचा तेव्हा आजी तुळशीला पाणी घालत असायची, आणि बँड आमच्या गडग्यापाशी, कुंपणाच्या भिंतीपाशी, आला की तांब्या तसाच हातात धरून उभी राहायची. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम सगळं असायचं त्यात पण तिचा कान एकाच वाद्याकडे. "आयज सनय बरी वाजता गो," असं आत आईला ओरडून सांगायची. ती सनई नव्हती, क्लॅरिनेट होता, आणि वाजवणारे आमचे शेजारी, आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. आजी गेली तरी तिच्या लेखी ती सनईच राहिली, आणि आज मला वाटतं की तिने काही फार चूक केली नव्हती.

अंकल तारवटी होते, म्हणजे बोटीवर नोकरी, बोटीवरच्याच बँडमध्ये वाजवायचे आणि सुट्टीवर आले की गावच्या बँडमध्ये. त्यांच्या बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून मी ते वाद्य पहिल्यांदा जवळून बघितलं. काळं लाकूड, त्यावर चांदीसारख्या चाव्या. वेताची पातळ पट्टी, रीड, ती आधी एका छोट्या ग्लासात पाण्यात ठेवायचे, मग ओठात धरून थोडा वेळ गप्प बसायचे, मग अंगठ्याने सरळ करून मुखाशी लावायचे आणि दोन बारीक स्क्रू पिळायचे. जुलै महिन्यात लाकडाचे सांधे फुगायचे आणि वाद्य सुटं व्हायचंच नाही. चावीखालचे पॅड दमट होऊन चिकटायचे, मग सिगारेटचा पातळ कागद मध्ये सरकवून, चावी दाबून, कागद हळूच ओढून घ्यायचे, असं दहा-दहा वेळा. सूर लावायच्या आधी अर्धा तास हेच.

एकदा त्यांनी मला एक गंमत दाखवली. बासरीवर सा धरून जोरात फुंकलं की तार सा मिळतो. क्लॅरिनेटवर सा धरून मागची छोटी चावी दाबली की तार सा नाही मिळत, थेट तार पंचम. नळी सरळ असल्यामुळे आणि एका टोकाला बंद असल्यासारखी वागत असल्यामुळे मधली पायरी ती गाळतेच. त्यामुळे खालचा आवाज एका माणसाचा आणि वरचा दुसऱ्याच माणसाचा वाटतो, खाली जाड, अंधारा, वर एकदम लख्ख. मध्ये दोन-चार सूर असे आहेत की ते नेहमी थोडे घुसमटलेले येतात, वाजवणाऱ्याने सांभाळून घ्यायचे. एकाच वाद्यात इतकी माणसं असतील तर त्याला एकट्याने बोलायला द्यायला नको का?

अंकलनी जवळजवळ पन्नास वर्षं वाजवलं. फेस्त, लग्न, मयत, बोटीवरचा डान्स, तियात्र म्हणजे कोंकणी नाटक. पण पुढे एकटं उभं राहून, मागे ऑर्केस्ट्रा घेऊन, एकदाही नाही. हे ते तक्रार म्हणून सांगायचे नाहीत, असंच सांगायचे, पाऊस यंदा उशिरा आला म्हणतात तसं. मला मात्र तेव्हापासून ते टोचतंय, आणि आज हे लिहायला बसलोय ते त्याचमुळे. माझं म्हणणं सरळ आहे, गोव्याने सरकारी पैशातून, कला अकादमीसारख्या संस्थेमार्फत, गोमंतकीय संगीतकाराकडून क्लॅरिनेट आणि ऑर्केस्ट्रासाठी एक नवा कॉन्चेर्टो लिहून घ्यावा. आणि आपण मराठी बोलणाऱ्यांनी ही मागणी आपली म्हणून करावी, "ते त्यांचं" म्हणून बाजूला बसू नये.

कॉन्चेर्टो म्हणजे काय तर एक वाद्य पुढे, बाकी सगळा ऑर्केस्ट्रा मागे, आणि दोघांमधलं बोलणं, भांडण, समजूत. क्लॅरिनेटच्या बाबतीत या रचनांचा इतिहास बघितला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, की यातली मोठी रचना संगीतकाराच्या डोक्यात आपोआप उगवली असं सहसा झालेलं नाही. आधी एक वाजवणारा होता, आणि कुणीतरी विचारलं होतं. मोझार्टने १७९१ मध्ये, मृत्यूच्या दोनेक महिने आधी, आपला क्लॅरिनेट कॉन्चेर्टो पुरा केला तो आंटोन श्टाडलर या मित्रासाठी. वेबरने १८११ मध्ये म्युनिकला हाइनरिश बेअरमान या वादकासाठी एक छोटी रचना केली, ती बव्हेरियाच्या राजाला इतकी आवडली की त्याने लगेच आणखी दोन कॉन्चेर्टो लिहायला सांगितले. म्हणजे तिजोरीतून पैसे देऊन क्लॅरिनेटसाठी संगीत लिहून घेणं ही काही माझी खुळी कल्पना नव्हे, दोनशे वर्षांपूर्वी झालंय ते.

विसाव्या शतकात तर हे अजून स्पष्ट दिसतं. डेन्मार्कच्या कार्ल नील्सनने कोपनहेगनच्या एका फुंकवाद्यांच्या पंचकासाठी १९२२ मध्ये रचना केली आणि मग त्या पाचही जणांसाठी एकेक कॉन्चेर्टो लिहायचं ठरवलं. १९३१ मध्ये तो गेला, दोनच झाले, त्यातला १९२८ चा क्लॅरिनेटचा, ऑगे ऑक्सेनवाड या वादकासाठी. हा ऐकाच. ऑर्केस्ट्रा लहानसा, पण त्यात एक स्नेअर ड्रम आहे आणि तो क्लॅरिनेटच्या मागे लागतो, मध्येच टोकतो, डिवचतो, क्लॅरिनेट चिडून वर जातो, ओरडतो, पुन्हा खाली येऊन एकटाच पुटपुटतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला डेन्मार्क वगैरे काही आठवलं नाही, मला आमचा गडगा आठवला, पहाटेचा अंधार आणि बँडमधला तो तांबोर. ज्या लोकांना हे संगीत रुक्ष, कर्कश वाटतं त्यांना मी एवढंच सांगेन की गोव्यातल्या माणसाच्या कानाला क्लॅरिनेट आणि ड्रमची ही जोडी नवी नाहीच, फक्त ती चालता चालता ऐकायची सवय आहे, बसून ऐकायची नाही.

मग कोपलँड. बेनी गुडमन हा जॅझवाला, डान्स बँडवाला, त्याने १९४७ मध्ये ॲरन कोपलँडला पैसे देऊन कॉन्चेर्टो सांगितला. डान्स बँडवाल्याने! आपल्याकडे डान्स बँडमध्ये वाजवणाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या मुंबईला गेल्या, कलकत्त्याला गेल्या, बोटींवर गेल्या, त्यांच्यापैकी कुणाला असं काही मागायची सोय होती का याचा विचार करून बघा. कोपलँडची रचना सतराएक मिनिटांची, ऑर्केस्ट्रात फक्त तंतुवाद्यं, हार्प आणि पियानो. आधी संथ भाग, इतका संथ आणि उघडा की प्रत्येक सूर आपल्यासमोर ठेवल्यासारखा, मग क्लॅरिनेट एकटाच वाजवतो तो कॅडेन्झा, आणि त्यातून हळूहळू वेग घेत दुसरा भाग, जॅझने भरलेला. त्यात रिओमध्ये कानावर पडलेल्या एका लोकप्रिय धुनीचा तुकडासुद्धा आहे. शेवटी क्लॅरिनेट खालून वर एकसंध घसरत जातो, मींड घेतो म्हणा ना. ६ नोव्हेंबर १९५० ला गुडमनने तो रेडिओवर पहिल्यांदा वाजवला. विलंबित, मध्ये एकट्याने केलेली बढत, मग द्रुत. ज्याने आयुष्यात एकदा तरी मंगेशीला किंवा म्हार्दोळला देवळाच्या चौकात बसून रात्रभर गाणं ऐकलंय त्याला हा आकार समजावून सांगायला लागतो का?

अजून एक उदाहरण देतो कारण ते माझं सगळ्यात आवडतं आहे. जॉन कोरिल्यानो. त्याचे वडील न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये कित्येक वर्षं पहिल्या खुर्चीवरचे व्हायोलिनवादक. ते १९७५ मध्ये गेले. दोन वर्षांनी त्याच ऑर्केस्ट्राने मुलाला त्यांच्याच क्लॅरिनेटवाल्यासाठी, स्टॅनली ड्रकरसाठी, कॉन्चेर्टो लिहायला सांगितला. लहानपणापासून ज्या माणसांना तो ओळखत होता, ज्यांच्यात वडील बसायचे, त्यांच्यासाठीच लिहायचं. मधला भाग वडिलांच्या आठवणीत आहे आणि त्यात व्हायोलिन आणि क्लॅरिनेट असे बोलतात की आपण मध्ये श्वास घ्यायला कचरतो. शेवटच्या भागात वादक हॉलभर पसरलेले, आवाज चारी बाजूंनी. लेनर्ड बर्नस्टाइनने डिसेंबर १९७७ मध्ये तो सादर केला. ड्रकर त्या एकाच ऑर्केस्ट्रात साठ वर्षं होता. मला यात दिसतं ते एक घर, एक वाडा, ज्यात बापाची खुर्ची, मुलाचं लिहिणं आणि शेजाऱ्याची फुंक एकत्र आली. गोव्यात अशी घरं नाहीत? आजोबा चर्चमध्ये मेस्त्री, म्हणजे संगीतमास्तर, मुलांना सोल्फेज, सूर वाचून गाणं, शिकवणारे, बाप मुंबईच्या स्टुडिओत, नात आता परीक्षा देतेय, अशी घरं मी स्वतः पाहिलीयेत.

आणि आकाराने लहान आहोत म्हणून होत नाही असं कुणी म्हणत असेल तर फिनलंडकडे बघा. कारी क्रीकू या एका फिनिश वादकासाठी माग्नुस लिंडबर्गने २००२ मध्ये लिहिलं, काया सारियाहोने २०१० मध्ये, मूळच्या कोरियन उन्सुक चिनने २०१४ मध्ये. सारियाहोच्या रचनेत क्लॅरिनेटवाला हॉलभर फिरत वाजवतो, लोकांमधून. शिगम्याला रोमट, म्हणजे ढोलताशांची मिरवणूक, अंगणात येतं तेव्हा ऐकणारा मध्येच उभा असतो, तसं. फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, २०११ च्या जनगणनेत आपली साडेचौदा लाख. आपण लहान आहोत हे खरं, पण एक कॉन्चेर्टोसुद्धा झेपणार नाही इतके लहान नाही.

आता आपल्याकडचा अनुभव. कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा घ्या. दरवर्षी पेडण्यापासून काणकोणपर्यंतची मंडळं उतरतात, तालमी करतात, भांडतात, बक्षिसं मिळवतात, आणि त्या स्पर्धेमुळे नवीन संहिता लिहिल्या जातात. स्पर्धा नसती तर त्या लिहिल्या गेल्या असत्या का? काही गेल्या असत्या, बऱ्याचशा नाही. भजन स्पर्धेचं तेच. म्हणजे सार्वजनिक पैसा नीट ठिकाणी लावला की कला कशी उभी राहते हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही, आपण चाळीस-पन्नास वर्षं बघतोय. पाश्चात्त्य संगीताच्या बाबतीत मात्र आपण शिकवण्यापाशी येऊन थांबलो. १९५२ मध्ये आन्तोनियु फिगेरेदुंनी इथे संगीताची अकादमी सुरू केली, पुढे कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आला, मुलं शिकतात, लंडनच्या बोर्डाच्या ग्रेड परीक्षा देतात, सर्टिफिकेट भिंतीवर लावतात. पण शिकून वाजवायचं काय? दुसऱ्यांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्यांच्या आठवणींवर लिहिलेलं. ते वाजवावंच, ते मोठंच आहे. पण नाट्यस्पर्धेत आपण फक्त शेक्सपियरची भाषांतरं करत बसलो असतो तर आपल्या रंगभूमीचं काय झालं असतं?

यावर आक्षेप येतात ते मी ऐकलेत, घरातच ऐकलेत.

"हे पोर्तुगीजांचं, आपलं कशाला." क्लॅरिनेट पोर्तुगीज नाहीच मुळात, १७०० च्या आसपास जर्मनीत न्यूरेंबर्गला तयार झाला. आणि परकं म्हणून टाकायचं तर आधी भजनातली पेटी टाका, नाट्यसंगीतातला ऑर्गन टाका. मला वाटतं १९८५ ते ८७ च्या कोंकणी की मराठी या राजभाषेच्या वादाने आपल्याला एक वाईट सवय लावली, प्रत्येक गोष्ट बघायच्या आधी ती कुठल्या बाजूची आहे हे बघायची. माझ्या आजीला ती सवय नव्हती.

"ऑर्केस्ट्रा कुठे आहे?" मोठा, सत्तर-ऐंशी माणसांचा, नाही. मग जे आहे त्याच्यासाठी लिहायचं. इंग्लंडच्या जेराल्ड फिन्झीने १९४९ मध्ये क्लॅरिनेटबरोबर फक्त तंतुवाद्यं ठेवली आणि ती रचना आजही जगभर वाजते. गोव्यात व्हायोलिन वाजवणारे कमी नाहीत, घरटी एक व्हायोलिन खुंटीला लटकलेलं असायचं असे वाडे होते आमच्याकडे.

"मग त्यात घुमट घाला, शामेळ घाला, ही आपली तालवाद्यं, गोव्याचं काहीतरी दिसू दे." इथे मी जरा जोरात बोलणार आहे. अशी अट अजिबात घालू नये. संगीतकाराला आतून घुमट हवं असेल तर तो घालेल, पण सरकारी कागदावर "रचनेत लोकवाद्य असावे" असं आलं की काय होतं ते आपण उद्घाटनांच्या कार्यक्रमांत बघतो, दोन मिनिटं घुमट, दोन मिनिटं मांडो, फोटो, संपलं. घुमटाचाही अपमान आणि व्हायोलिनचाही. गोवेकराने लिहिलं, गोवेकराने वाजवलं, गोव्यात तालीम झाली, एवढं गोवेपण पुरे.

आणि एक आक्षेप असा आहे की तो मला खरोखर लागतो. देवळातल्या सनईवाल्यांचं काय? कित्येक देवळांत आता आरतीला विजेवर चालणारं नगाऱ्याचं यंत्र ठणठणतं आणि सनई रेकॉर्डवरून लागते, आणि तुम्ही क्लॅरिनेटला पैसे मागताय? हे मला एका सनईवाल्यानेच विचारलं, फोंड्याला, आणि मला लगेच उत्तर देता आलं नाही. नंतर बरेच दिवस विचार केला तेव्हा जाणवलं की दोघांचं दुखणं एकच आहे. दोघांनाही आपण विधीपुरतं बोलावतो, दिवसाचे पैसे देतो, जेवण देतो आणि पाठवतो. तू काहीतरी नवीन कर, आम्ही वर्षभर तुझ्या मागे उभे राहतो, असं दोघांनाही कुणी म्हणत नाही. म्हणून माझी मागणी मी आता बदललीय. एक वर्ष क्लॅरिनेट, पुढच्या वर्षी सनई, तिला तिच्या पद्धतीची मोठी रचना, तिचा ताफा, तिचे तालवादक. दोन्ही एकाच योजनेत, एकाच मानधनात.

असं कुणी आधी स्वप्न पाहिलंच नव्हतं असं नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. मुंबईच्या फिल्म स्टुडिओत व्हायोलिन वाजवता वाजवता, अरेंजमेंट करता करता त्यांनी १९५८ मध्ये स्वतः ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्स कॉलेजात कार्यक्रम केला, रागांवर आधारलेलं संगीत ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. माजोर्ड्याचा मुलगा आणि जिच्या आडनावातच मंगेशी आहे ती मुलगी, एका मंचावर, सासष्टी आणि अंत्रुज, म्हणजे मंगेशीचा फोंडा भाग, एकत्र, आणि ते घडलं कुठे तर मुंबईत. पदरचे पैसे घालून किती दिवस चालणार? नाही चालला तो ऑर्केस्ट्रा. पुढे ते अमेरिकेला गेले, परत येऊन माजोर्ड्यात शांतपणे राहिले, २०१२ मध्ये वारले. त्यांचं नाव लोकांना ठाऊक आहे ते एका फिल्मी गाण्यामुळे, जे त्यांच्या शिष्याने, प्यारेलालजींनी, गुरूच्या आठवणीने त्या नावावर केलं. त्यांनी लिहिलेलं ऑर्केस्ट्राचं संगीत मात्र गोव्यातल्या किती शाळकरी मुलांनी ऐकलंय?

म्हणून एकट्या माणसाच्या जिद्दीवर हे सोडू नये. कांपालची कला अकादमीची इमारत, चार्ल्स कोरियांनी बांधलेली, २०२१ पासून दुरुस्तीसाठी बंद होती, त्यात जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं, नोव्हेंबरात ती पुन्हा उघडली, आणि या सगळ्यात आपण दोन वर्षं फक्त छप्पर, खुर्च्या, एसी आणि गळती यावर बोललो. बोलायलाच हवं होतं. पण दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात खुर्च्या आहेत त्या कशासाठी, तिथे उद्या काय नवीन ऐकू येणार, यावर एक तरी बैठक व्हायला हवी होती.

काय करायचं ते फार अवघड नाही. संगीतकाराला एक वर्षाचं मानधन, आधी अर्धं, हातात. वादक आधी ठरवायचा आणि दोघांनी एकत्र बसून लिहायचं, गुडमनला काही जागा फार अवघड वाटल्या तेव्हा कोपलँडने शेवट बदलून दिला होता, तशी ये-जा झाली पाहिजे. पंधरा-वीस मिनिटांची रचना, लहान ऑर्केस्ट्रा. तालमींचे वेगळे पैसे, कारण आपल्याकडे कार्यक्रमाचे पैसे मिळतात पण तालमीचे मिळत नाहीत आणि मग पहिली तालीम हाच कार्यक्रम होतो. आणि प्रयोग तीन, पणजी, मडगावचं रवींद्र भवन, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर. नवीन रचना पहिल्या प्रयोगाला क्वचितच कळते, वाजवणाऱ्यांनाही नाही. फोंड्याचा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे येणारा माणूस नाट्यगीतं आणि ख्याल ऐकून तयार झालेला, त्याला एकट्या सुराकडे लक्ष द्यायची सवय आहे, तो दाद देईल आणि नाही आवडलं तर तोंडावर सांगेल. दोन्ही हवं आहे. नोटेशन छापून गावोगावच्या संगीत शाळांना द्यायचं, रेकॉर्डिंग फुकट ऐकायला ठेवायचं.

अंकल चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मयताला बँड होता, क्लॅरिनेट नव्हता, कारण गावात वाजवणारे तेच होते. वाद्य आता त्यांच्या नातीकडे आहे, नववीत आहे ती, संध्याकाळी बलकांवावर बसून कोपलँडचं पहिलं पान वाजवते, मागचा ऑर्केस्ट्रा मोबाईलवर. वरच्या सुराला रीड अजून चिरकते. परवा पाऊस सुरू झाल्यापासून पॅड पुन्हा चिकटायला लागलेत, मी तिला सिगारेटच्या कागदाची युक्ती दाखवायला गेलो तर तिला ती आधीच येत होती.